काळी बुरशी : मिठाला पाणी सुटते तेव्हा

पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात सूर्यमाळचे पठार आहे. जुलै महिन्यात येथे धुके उतरले की दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. वह्यांचे पुठ्ठे मऊ पडतात, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरट-हिरवी साय धरते, भिंतींचे कोपरे काळवंडतात. टोपलीतला कांदा सोलायला घ्यावा तर बोटांना काजळी लागते. वरच्या कोरड्या पापुद्र्याखाली काळ्या भुकटीच्या रेघा उमटलेल्या असतात. घरातली मोठी माणसे तो पापुद्रा काढून टाकतात आणि उरलेला कांदा भाजीत घालतात. पिढ्यान्‌पिढ्या असेच चालत आले आहे.

पण मे २०२१ मध्ये या साध्या कृतीबद्दल अनेकांच्या मनात भीती निर्माण झाली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या रोगाचे रुग्ण एकाएकी वाढले. वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने त्याला ‘काळी बुरशी’ म्हटले. जूनअखेरपर्यंत देशात या रोगाचे ४० हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्याच सुमारास मोबाइलवर एक संदेश फिरू लागला : कांद्यावरचे काळे डाग आणि फ्रिजच्या दाराच्या रबरावरची काळी बुरशी हीच ती जीवघेणी बुरशी आहे. अनेकांनी चांगले कांदे फेकून दिले.

हा संदेश चुकीचा होता. मात्र ‘बुरशीला घाबरू नका’ असे म्हणून विषय संपवणेही तितकेच चुकीचे ठरेल. काही बुरश्या खरोखरच घातक असतात. मग कोणत्या बुरशीला भ्यायचे आणि कोणती पुसून टाकायची, हे कसे ठरवावे? रंगावरून ते ठरत नाही, हे या लेखात पाहू. आणि रंगापेक्षा अधिक भरवशाची एक खूण आपल्या स्वयंपाकघरातच आहे, तीही पाहू.

नाव एक, जीव अनेक

‘काळी बुरशी’ हे कोणा एका जीवाचे नाव नाही. आंब्याच्या पानांवर काजळी धरते ती एक, ओल्या भिंतीवर वाढते ती दुसरी. वर्गात शिळ्या पावाचा तुकडा ओला करून झाकून ठेवला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कापसासारखी वाढ दिसते आणि तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढे काळसर ठिपके येतात. ती बहुधा म्युकर किंवा रायझोपस असते. म्युकरमायकोसिस हा रोग याच कुळातल्या बुरश्यांमुळे होतो. गंमत अशी की या बुरश्यांचे तंतू पांढरे असतात. रोग्याच्या नाकात किंवा टाळूवर जो काळा रंग दिसतो, तो बुरशीचा नसतो. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा बंद पाडते. त्यामुळे मेलेला मांसाचा भाग काळा पडतो, तोच तो रंग.

हा रोग कांदा चिरल्याने होत नाही. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड औषधांचा मोठा वापर यांमुळे शरीराची प्रतिकारशक्ती खचली की एरवी हवेत सदैव असणारे हे बीजाणू वाढीला लागतात.

कांद्यावरची काळी बुरशी मात्र वेगळ्याच कुळातली आहे. तिचे शास्त्रीय नाव ॲस्परजिलस नायजर. ‘नायजर’ या लॅटिन शब्दाचा अर्थच काळा.

टाचणीवर कदंबाचे फूल

इटलीतील फ्लॉरेन्सचा वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली याने १७२९ मध्ये या वंशाला नाव दिले. तो धर्मगुरूही होता. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा या बुरशीचा आकार पाहून त्याला चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडण्याच्या उपकरणाची आठवण झाली. त्याच्या लॅटिन नावावरून ‘ॲस्परजिलस’ हा शब्द आला. आपल्या विद्यार्थ्यांना सांगायचे तर उभ्या टाचणीवर कदंबाचे फूल खोचल्याची कल्पना करावी. टाचणी म्हणजे बुरशीचा उभा दांडा. त्याच्या टोकाला गोल फुगा असतो, फुग्यावर चहूकडे बारीक बाटल्यांसारख्या पेशी असतात आणि प्रत्येक बाटलीच्या तोंडातून एकामागून एक बीजाणू बाहेर पडून त्यांची माळ तयार होते.

हा एकेक बीजाणू साडेतीन ते पाच मायक्रॉनचा असतो. असे दोनशे-अडीचशे बीजाणू एका ओळीत ठेवले तर कुठे एक मिलिमीटर भरेल. ॲस्परजिलस नायजरचे अन्नात पसरणारे तंतू पांढरे किंवा फिकट पिवळे असतात. काळे असतात ते फक्त बीजाणू. म्हणजे आपल्या डोळ्यांना काळे दिसू लागते तेव्हा बुरशीची वाढ नुकती सुरू झालेली नसते, ती बी धरून पसरायला तयार झालेली असते.

बीजाणूंचा काळा रंग मेलॅनिन या वर्गातल्या द्रव्यांचा असतो. आपल्या त्वचेला आणि केसांना रंग देणारी द्रव्येही याच वर्गातली. या रंगामुळे उन्हातल्या अतिनील किरणांपासून बीजाणूंचा बचाव होतो. म्हणून उष्ण प्रदेशातल्या उघड्या, तापलेल्या शेतांतही ही बुरशी टिकून राहते. मातीत, पालापाचोळ्यात, हवेत, धान्याच्या पोत्यावर, सगळीकडे ती असतेच. तिला घराबाहेर ठेवणे अशक्य आहे. आपल्या हाती एवढेच आहे, की तिला रुजायला संधी द्यायची नाही.

मिठाची कसोटी

बीजाणू रुजायला पाणी लागते. पण ते वाहते पाणी असण्याची गरज नाही, हवेतला ओलावा पुरतो. हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते तिच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात हवेत आहे, याला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. धान्य, शेंगदाणे, कांद्याचे पापुद्रे हे सारे भोवतालच्या हवेशी ओलाव्याची देवाणघेवाण करत असतात. हवा कोरडी असली की ते वाळतात, दमट झाली की तिच्यातला ओलावा ओढून घेतात. काही दिवसांत दोन्हींचा समतोल होतो.

प्रयोगशाळेतल्या निरीक्षणांनुसार ॲस्परजिलस नायजरचे बीजाणू सुमारे ३० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानाला रुजतात, त्यासाठी भोवतालची आर्द्रता निदान ७७ टक्के लागते. हवा थंड असेल तर आर्द्रता आणखी जास्त लागते. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण त्याच्या शेजारी आपल्या ओळखीचा दुसरा आकडा आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साध्या मिठाला पाणी सुटते. खडे मिठात मॅग्नेशियमचे क्षार मिसळलेले असतात, त्यामुळे ते याच्या थोडे आधीच पाझरू लागते.

म्हणजे मिठाची बरणी हे आर्द्रतामापक झाले. बरणीतले मीठ कोरडे, सुटे आहे तोवर त्याच खोलीतले वाळलेले धान्य सहसा सुरक्षित असते. मीठ पाझरू लागले की बुरशीचा हंगाम सुरू झाला असे समजावे. सूर्यमाळसारख्या ठिकाणी हा हंगाम जूनमध्ये सुरू होतो आणि सप्टेंबरपर्यंत चालतो.

नागली आणि वरई ही या पठारावरची पिके. पाऊस संपल्यावर कोरड्या हवेत त्यांची कापणी-मळणी होते, म्हणून दाणा कणगीत जातो तो वाळूनच. शेणामातीने लिंपलेली बंद कणगी पावसाळी हवेला सहजासहजी आत येऊ देत नाही. बियाण्याची कणसे चुलीवरच्या माळ्यावर ठेवण्यामागेही हेच कारण आहे. चुलीची ऊब आणि धूर त्यांना कोरडे ठेवतात. या पद्धती घालून देणाऱ्यांना ‘सापेक्ष आर्द्रता’ हा शब्द ठाऊक नव्हता. पण ती टाळायची कशी, हे मात्र त्यांना पक्के कळले होते.

एक बारकावा येथे सांगायला हवा. भात, मका, ज्वारी यांसारख्या धान्यांत १२ ते १३ टक्के पाणी असले तरी ती टिकतात. शेंगदाणे मात्र सात-आठ टक्क्यांपर्यंत वाळवावे लागतात. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते आणि तेल पाणी धरून ठेवत नाही. सारे पाणी उरलेल्या निम्म्या भागात असते, म्हणून थोडेसे पाणीही बुरशीला पुरेसे होते. धान्याइतकेच वाळवलेले शेंगदाणे धान्याआधी बुरसतात, त्याचे कारण हे.

कांद्याच्या मानेतून आत

मोखाड्याच्या पूर्वेला घाटमाथ्यावर नाशिक जिल्हा सुरू होतो. देशातल्या कांद्याच्या व्यापारात लासलगावच्या बाजारपेठेचे स्थान मोठे आहे. रब्बीचा कांदा एप्रिल-मे महिन्यांत निघतो आणि ऑक्टोबरपर्यंत चाळीत साठवला जातो. म्हणजे साठवणीचा बहुतेक काळ पावसाळ्यातच जातो. या काळात वजन घटणे, सडणे आणि कोंब फुटणे यांमुळे शेतकऱ्याचे मोठे नुकसान होते. सडण्याच्या कारणांत काळ्या बुरशीचा वाटा ठळक आहे.

मातीतले बीजाणू कांद्याच्या मानेतून, म्हणजे पात जिथे वाळते तिथून, आत शिरतात. वरच्या पापुद्र्याला चीर असेल किंवा कांद्याला मार लागला असेल तर त्यांना दुसरी वाट मिळते. कोरडा पापुद्रा आणि त्याखालचा मांसल थर यांच्यामध्ये त्यांना ओलावा आणि साखर दोन्ही मिळते. तेथे ते शिरांच्या बाजूने पसरतात, म्हणून काळेपणा रेघांच्या रूपात दिसतो. पुढे या जखमेतून जिवाणू शिरले की कांदा पाणी सुटून सडतो. शेजारचे कांदेही मग त्याच वाटेने जातात.

यावरचा उपाय औषधापेक्षा वाळवणीत अधिक आहे. कांदा काढल्यावर तीन ते पाच दिवस पातीसकट शेतात पसरतात. एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचा कांदा झाकला जाईल अशी रचना करतात, म्हणजे ऊन थेट लागत नाही. मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापतात आणि दहा-बारा दिवस सावलीत सुकवतात. मान अशी पिळवटून मिटली की बीजाणूंची मुख्य वाट बंद होते. चाळीचा तळ जमिनीपासून वर उचललेला आणि फटींचा असतो, तो खालून हवा खेळावी म्हणून. कांद्याचा थर चार-पाच फुटांहून उंच ठेवत नाहीत, नाहीतर मधला ओलावा कोंडतो. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेत या विषयावर सातत्याने काम झाले आहे. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठाननेही कांद्याच्या साठवणीकडे लक्ष पुरवले आहे.

भुईमुगात हीच बुरशी वेगळे रूप घेते. बी पेरल्यावर कोवळ्या रोपाच्या जमिनीलगतच्या भागावर ती हल्ला करते. तो भाग तपकिरी होऊन कुजतो, त्यावर काळी भुकटी दिसते आणि रोप कोलमडते. बुरशी तयार करत असलेले ऑक्झॅलिक आम्ल या नासाडीला हातभार लावते. पेरणीपूर्वी बियाण्याला प्रतिकिलो पाच ग्रॅम थायरम किंवा ट्रायकोडर्मा चोळण्याची शिफारस कृषी विद्यापीठे करतात ती यासाठी. ट्रायकोडर्मा हीसुद्धा एक बुरशीच. ती रोगकारक बुरशीचे अन्न आणि जागा बळकावते, शिवाय तिच्या तंतूंवर थेट हल्लाही करते.

कान आणि फुप्फुस

माणसाच्या शरीरात या बुरशीचे आवडते ठिकाण म्हणजे कान. कानाची नळी उबदार, अंधारी आणि पावसाळ्यात ओलसर असते. कानात बुरशी झाली की असह्य खाज सुटते, दडा बसतो, कधी पाणी येते. डॉक्टर आत पाहतात तेव्हा त्यांना ओल्या टीपकागदावर शाईचे बारीक ठिपके पडावेत असे दृश्य दिसते. ते ठिपके म्हणजे ॲस्परजिलस नायजरची बीजाणूंनी भरलेली डोकी.

शिक्षकांनी हे ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण आपल्याकडे कान खाजू लागला की दोन उपाय हमखास होतात. काडी किंवा पिन घालून कान कोरतात आणि कोमट तेल ओततात. कोरण्याने आतल्या त्वचेला ओरखडे पडतात आणि बुरशीला शिरायला जागा मिळते. तेलाने ओलावा कोंडतो. जिवाणूंवरचे थेंब मनानेच आठवडेच्या आठवडे घालत राहिले तर बुरशीचे प्रतिस्पर्धी मरतात आणि तिचे फावते. खरा उपचार म्हणजे डॉक्टरांकडून कान साफ करून घेणे आणि त्यांनी दिलेले बुरशीनाशक थेंब पूर्ण मुदतीपर्यंत घालणे. कानाचा पडदा फाटलेला असेल तर काही थेंब अपाय करतात, म्हणून तपासणीविना कानात काहीही घालू नये.

फुप्फुसाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. हे बीजाणू आपण रोज श्वासावाटे आत घेतो. निरोगी फुप्फुसातल्या भक्षक पेशी ते गिळून टाकतात. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना मात्र त्यांचा त्रास होऊ शकतो. क्षयरोग बरा झाल्यावर फुप्फुसात पोकळी उरली असेल तर तीत बुरशीचा गोळा वाढू शकतो आणि खोकल्यातून रक्त पडू शकते. येथेही मुख्य गुन्हेगार बहुतेक वेळा काळी बुरशी नसते. तिची बहीण ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही निळसर-हिरवी असते आणि तिचे बीजाणू अधिक बारीक असतात. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये घातक बुरश्यांची यादी जाहीर केली, तीत सर्वांत वरच्या गटात फ्युमिगेटस आहे. क्षयाचे उपचार पूर्ण झालेल्या माणसाला पुन्हा खोकल्यातून रक्त पडले तर त्याला लगेच दवाखान्यात न्यावे. बुरसलेले धान्य पाखडण्याचे काम तर त्याला कधीच सांगू नये.

दिसत नाही ते विष

सर्वांत मोठा धडा मात्र एका पिवळट-हिरव्या बुरशीने दिला आहे. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या भागांतल्या आदिवासी गावांत काविळीची साथ आली. पोटात पाणी होऊन माणसे दगावू लागली. घरातली कुत्रीही मेली. ३९७ रुग्णांची नोंद झाली, त्यांपैकी १०६ जण दगावले. हा संसर्गजन्य रोग नव्हता. अवेळी पावसात भिजलेला मका नीट न वाळवता साठवला गेला होता आणि त्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती. तिने तयार केलेले अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावर आघात करते. त्या घरांत खायला दुसरे काही नव्हते, म्हणून बुरसलेला मका रोज खाल्ला गेला.

काळी बुरशीही अगदी निरपराध नाही. तिचे काही प्रकार मूत्रपिंडाला अपायकारक ऑक्रॅटॉक्सिन तयार करतात. फ्युमोनिसिन हे दुसरे विषही ती करू शकते, हे २००७ मध्ये लक्षात आले. पण सगळेच प्रकार विष करत नाहीत. याच बुरशीला मोठमोठ्या टाक्यांत साखरेवर वाढवून जगभर दरवर्षी २० लाख टनांहून अधिक सायट्रिक आम्ल, म्हणजे आपले लिंबूसत्त्व, मिळवले जाते. तिचा हा गुण जेम्स करी या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९१७ मध्ये दाखवून दिला. सरबताच्या पुडीतली आंबट चव बहुधा लिंबाची नसते, या बुरशीची असते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. काय टाकावे आणि काय ठेवावे? कांद्याच्या बाहेरच्या पापुद्र्यावरच काळे असेल तर तो थर काढावा, कांदा वाहत्या पाण्यात धुवावा आणि वापरावा. आतला थर मऊ पडला असेल, वास येत असेल, तर कांदा टाकावा. शेंगदाणे, मका, तांदूळ यांना मात्र हा नियम लावू नये. दाण्यांत बुरशीचे विष भिनलेले असते. ते धुऊन जात नाही आणि शिजवून किंवा भाजूनही पुरते नाहीसे होत नाही. रंग बदललेले, सुरकुतलेले, कडवट लागणारे दाणे निवडून बाजूला काढावेत. पोतेच बुरसले असेल तर ते जेवणासाठी वापरू नये, कोंबड्यांना किंवा गुरांनाही घालू नये. आश्रमशाळेच्या कोठारात हा निर्णय घेण्याची वेळ पावसाळ्यात कधीही येऊ शकते. तो घेणाऱ्याला रंगाची भीती नको, कारण माहीत हवे.

वर्गात करून पाहा

झाकणाच्या तीन सारख्या बरण्या घ्याव्यात. पहिलीच्या तळाशी मीठ आणि थोडे पाणी घालून दाट खीर करावी, न विरघळलेले मीठ तळाशी दिसले पाहिजे. दुसरीत तशीच साखरेची खीर करावी. तिसरीत नुसते पाणी घालावे. बंद बरणीत मिठावरची हवा सुमारे ७५ टक्के, साखरेवरची सुमारे ८५ टक्के आणि पाण्यावरची जवळजवळ १०० टक्के आर्द्रतेला स्थिरावते. प्रत्येक बरणीत एक उपडी वाटी ठेवून तिच्यावर कडक वाळवलेल्या भाकरीचे तुकडे आणि चार शेंगदाणे ठेवावेत. ते खालच्या द्रवाला लागता कामा नयेत. झाकण घट्ट लावून चिकटपट्टीने बंद करावे.

दोन-तीन आठवडे रोज बाहेरूनच भिंगातून पाहावे आणि वहीत तारीखवार नोंद करावी. कोणत्या बरणीत बुरशी आधी आली? पहिला रंग कोणता होता? तो नंतर बदलला का? मिठाच्या बरणीतले तुकडे कसे राहिले? विद्यार्थ्यांनी उत्तरे स्वतः लिहावीत.

दोन सूचना कटाक्षाने पाळाव्यात. बरण्या वर्गात उघडू नयेत आणि दमा असलेल्या मुलांनी त्या हाताळू नयेत. प्रयोग संपल्यावर शिक्षकांनी बरणी वर्गाबाहेर साबणाच्या पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवावी आणि पाण्याखालीच झाकण उघडावे. हे बीजाणू साध्या पाण्याने भिजत नाहीत, वर तरंगतात. साबणाने ते भिजतात आणि हवेत उडत नाहीत. मग आतले तुकडे मातीत पुरावेत.

या प्रयोगानंतर प्रत्येक विद्यार्थ्याला घरी एक काम द्यावे. मिठाच्या भांड्याकडे रोज पाहायचे आणि मिठाला पहिल्यांदा पाणी सुटेल तो दिवस वहीत लिहायचा. त्याच दिवशी घरातले शेंगदाणे आणि धान्य घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यांत गेले आहे ना, हे पाहायचे. पुढे जेव्हा ऊन पडेल, तेव्हा डबे उघडून दाणा दाताखाली धरायचा. कट्‌कन तुटला तर ठीक, दबला तर तो उन्हात पसरायला सांगायचे.